सौ. नोआम यांची पैठणी

पॉइंट कुक
२२ जानेवारी २०२३

पद्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहीत नाही. तिळगूळ निराळ्या पाकिटातून पाठवलाय. लाडू दगड झालेत, दात सांभाळून खा. आणि फोन का करत नाहीस म्हणून विचारू नकोस. या घरात फोनवर काही बोललं की रात्रीच्या जेवणात प्रणव मला माझीच वाक्यं ऐकवतो. मुलाच्या घरी राहणाऱ्या बाईचं खाजगी म्हणून एवढं पोस्टच उरलंय.

येत्या एप्रिलात मी पंच्याहत्तरीची होते. प्रणवने १६ तारखेचा हॉल घेतलाय. मुहूर्त पंचांगातून नाही, शाळेच्या सुट्ट्यांमधून काढलाय. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळणार आहेत म्हणे, फक्त फायर अलार्मवाल्यांची परवानगी यायचीय. साठ माणसं, सगळी घरची. मामाच्या घरचा तू एकटाच उरलास, तेव्हा तू यायचंसच. तुझ्या त्या भाडेकरूला म्हणावं, चार दिवस घर सांभाळ.

दुसरी बातमी आमच्या महाराष्ट्र मंडळाची. मराठी भाषा दिनाला, म्हणजे रविवार गाठून एक दिवस आधीच, २६ फेब्रुवारीला, प्रमुख पाहुणा कोण असेल? इस्रायलचा पॉपगायक. इताय चेऊलकर. कोकणातले आपले मराठी बोलणारे ज्यू, त्यांच्यातला. आजी रेवदंड्याची, हा जन्मला दिमोना नावाच्या वाळवंटातल्या गावी. कुठल्याशा कार्यक्रमात आजीचं मराठी गाणं गायला, त्याची चाळीस सेकंदं आमचे अध्यक्ष प्रतापराव यांनी व्हॉट्सॲपवर पाहिली आणि लगेच बोलावणं धाडलं. प्रतापला ‘बेसिकली’ म्हटल्याशिवाय मराठीत एक वाक्य सुरू करता येत नाही, आणि हा भाषा दिन साजरा करणार. मी त्या गायकाची बाकीची गाणी पाहिली. गळा बरा आहे. बाकी डोळ्यांत काजळ, कानात डूल, अंगात चमकीचं जाकीट, चाळीस वर्षांचा घोडा आणि उड्या मारतोय. त्याला काय गायक म्हणायचं?

सत्कार सपत्नीक आहे. मंडळाचा पाहुण्यांसाठी छापील फॉर्म असतो, त्यात नाव, सौ.चं नाव, जेवण शाकाहारी की मांसाहारी, असे रकाने. त्याच्या ऑफिसने सौ.च्या रकान्यात ‘नोआम’ भरून पाठवलं. प्रणव सेक्रेटरी, त्याने पत्रिका छापूनही टाकल्या, ‘श्री. इताय चेऊलकर व सौ. नोआम चेऊलकर’. सौ.ची ओटी भरायचं काम माझ्याकडे आहे. शेजारच्या ट्रुगानिनात एक बाई गराजमध्ये साड्या विकते, तिच्याकडून जांभळी पैठणी आणली. त्या परदेशी बाईला तिचं काय करायचं ते कळणार नाही. सोफ्यावर टाकेल.

तब्येत कळव.

तुझी,
मीनाताई

•

गुंगालिन, कॅनबरा
३० जानेवारी २०२३

ती. मीनाताई,

नमस्कार. तुझं पत्र इथे दोनदा वाचून झालं आणि दोन्ही वेळा शंतनू हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला.

नोआम पुरुष आहे. सहा फूट उंच, टक्कल, दाढी. फिजिओथेरपिस्ट आहे. इताय आणि त्याचं लग्न नऊ वर्षांपूर्वी कोपनहेगनला झालं, कारण त्यांच्या देशात तसलं लग्न लावून देत नाहीत. यात गुपित काही नाही. तो मुलाखतींतून सांगतो, गाण्यांतून सांगतो. फेब्रुवारीअखेर तो सिडनीला येतोय तेही त्याच्यासारख्यांच्या मोठ्या उत्सवात गायला. तुमच्या मंडळाने चाळीस सेकंदांऐवजी चार मिनिटं पाहिली असती तर छपाई वाचली असती.

शंतनूकडे त्याच्या सगळ्या रेकॉर्डी आहेत, म्हणून थोडं माहीत आहे. हा पोरगा मामाच्या बँडमधून लग्नांत गायचा. सैन्यात गेला तिथेही गाण्याच्या पथकात. टीव्हीवरच्या स्पर्धेत चौथा आला. रेकॉर्ड कंपनीने घेतला आणि पहिली अट घातली, फोटोत शेजारी एक मुलगी हवी. दोन वर्षं त्याने ती ठेवली. सव्विसाव्या वर्षी रेडिओवर थेट कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, लग्न कधी, तर म्हणाला, मला पुरुष आवडतात, तुमच्या ओळखीत एखादा बरा असेल तर सांगा. पुढच्या आठवड्यात लग्नांची निम्मी कामं गेली. वडिलांच्या प्रार्थनामंदिरात तो लहानपणापासून गायचा, तिथे त्याला बोलावणं बंद झालं. दुसरी रेकॉर्ड कुणी विकत घेतली नाही. मग सहा वर्षं दुसऱ्यांसाठी गाणी लिहून पोट भरलं. तिसरी रेकॉर्ड चालली तेव्हा तो चौतिशीत होता. आता तू म्हणतेस, गळा बरा आहे. तुझे उपकार आहेत.

आता माझं. शंतनू भाडेकरू नाही. तो एकतीस वर्षं माझ्याबरोबर राहतो आणि हे तुला माहीत आहे. तू लिहितेस, सगळी घरची माणसं. त्या घरच्यांत तो येतो की नाही? मला बाकी काही नको. हो किंवा नाही, एवढं लिही.

पद्माकर

•

पॉइंट कुक
१० फेब्रुवारी २०२३

पद्या,

तुझं पत्र वाचून मी अर्धा तास पैठणीकडे बघत बसले.

मग गेले मीटिंगला. प्रतापच्या घरी होती. समोसे आणि चोवीस माणसं. मी उभी राहिले आणि म्हटलं, आपल्या सौ. नोआम यांना दाढी आहे. कुणाला कळेना. देवयानीने, प्रणवच्या मुलीने, फोनवर त्याचा फोटो शोधून फिरवला. तो फोटो बघताना एकेकाचं तोंड तुला दाखवायला हवं होतं. सगळी शिकलेली माणसं. मुलांच्या ऑफिसातल्या इंद्रधनुषी केकबरोबर सेल्फी काढणारी. प्रताप म्हणाला, ‘बेसिकली आपल्याला काहीच प्रॉब्लेम नाही, पण स्टेजवर कशाला, लहान मुलं असतात.’ मग एकेकाला काहीच प्रॉब्लेम नसल्याचं आठवायला लागलं. खजिनदाराला नव्हता. केटरिंग बघणाऱ्याला नव्हता. आमच्या सूनबाईला, चिन्मयीला तर इतका नव्हता की तिने ते तीनदा सांगितलं. देवयानी एवढंच म्हणाली, ‘You guys are unbelievable,’ आणि समोसा तसाच टाकून उठून गेली. पाऊण तास कुणालाच प्रॉब्लेम नव्हता, आणि शेवटी ठराव झाला. पत्रिकेवर स्टिकर लावायचं, त्या माणसाला ‘मॅनेजर’ म्हणून सातव्या रांगेत बसवायचं, सत्कार एकट्या गायकाचा. ओटी रद्द. पैठणी परत करायची. गराजवाली परत घेत नाही, ते वेगळंच.

ठरावाला मीही हात वर केला. बावीस हात वर होते, माझा एकटीचा खाली कसा ठेवायचा? आणि खरं सांगू, त्या गायकाचंही मला काही फारसं पटलेलं नाही. गाणं गा, पैसे घे, घरी जा. कुणाबरोबर झोपतोस हे लोकांना रेडिओवरून कशाला सांगायचं? आमच्या वेळी अशी माणसं नव्हती का? होती. गप्प होती आणि सुखात होती.

तू विचारलंस त्याबद्दल. हॉलमध्ये साठच खुर्च्या आहेत. चिन्मयीच्या माहेरचेच एकोणीस निघाले. तू समजून घेशील. पत्रिका पाठवतेय.

मीनाताई

•

गुंगालिन
१७ फेब्रुवारी २०२३

ती. मीनाताई,

पत्रिका मिळाली. ‘श्री. पद्माकर’. कागद चांगला आहे.

गप्प होती ते खरं. सुखात होती हे तुला कुणी सांगितलं?

हो किंवा नाही लिही म्हटलं होतं, तू खुर्च्या मोजून दाखवल्यास. कळलं.

पद्माकर

•

पॉइंट कुक
२८ फेब्रुवारी २०२३

पद्या,

राग बाजूला ठेव आणि हे वाच. तुझ्या म्हाताऱ्या बहिणीने काय केलंय ते ऐकशील तर तोंडात बोट घालशील.

परवा कार्यक्रम झाला. हॉल गच्च. सुरुवातीला प्रतापचं भाषण, त्यात ‘बेसिकली’ सव्वीस वेळा, मी आणि देवयानीने मोजलं. मग तो आला. काजळ होतं, डूल होते, जाकीट मात्र साधं. एकटा, गिटार घेऊन. आणि बोलायला लागला ते आपल्या अलिबागकडचं मराठी. ‘मना मराठी वाचता येत नाय. आजीनी फकस्त बोलाया शिकवला.’ सगळा हॉल हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू, थोडं हिणवूनच हसले. तो आपला बोलत राहिला. लग्नांत गायचा ते, कंपनीने पोरगी शेजारी ठेवायला लावली ते. ‘तिचे घरी जाऊन माफी मागितली. ती बोलली, मना पहिल्या दिवसापासून माहीत होता.’ मग म्हणाला, रेडिओवर सांगायच्या आदल्या दिवशी मी आजीला सांगितलं. आजीला ऐकायला कमी येत होतं म्हणून ओरडून सांगितलं. आजीने दोन वेळा ‘काय’ म्हटलं आणि मग विचारलं, ‘कोणी भेटलाय का? मग त्याला जेवाया आण.’

त्यावर कुणी हसलं नाही. मग तो आजीचं गाणं गायला. पद्या, गळा नुसता बरा नाही. मी लिहिलं ते मागे घेते.

सत्काराच्या वेळी मी स्टेजवर ताट घेऊन उभी. शाल झाली, श्रीफळ झालं. प्रतापने माईक घेतला आणि म्हणाला, ‘त्यांचे मॅनेजर श्री. नोआम यांचेही आभार.’ इतायला प्रतापचं मराठी कितपत कळलं कोण जाणे, पण ‘मॅनेजर’ कळलं. त्याने सातव्या रांगेकडे पाहिलं. नोआमने तिथूनच हात हलवला, असू दे अशा अर्थाने. म्हणजे त्यांना ही सवय होती. हे असं त्यांना ठिकठिकाणी होत असणार, आणि ते पाहुण्यांसारखे गोड हसत असणार. मला प्रतापचा असा संताप आला की गुडघेदुखी विसरले. पैठणी माझ्या पिशवीत होती, गराजवालीशी पुन्हा भांडायला आणलेली. ती काढली, नारळ घेतला आणि स्टेजवरून उतरायला लागले. प्रताप मागून म्हणतोय, ‘काकू, बेसिकली नको.’ मी माईकमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, ‘बेसिकली तू गप्प बस.’

सातव्या रांगेत गेले. तो माणूस उठून उभा राहिला, मला मान वर करून बघावं लागलं. पैठणी उलगडून त्याच्या दोन्ही खांद्यांवर घातली, कपाळाला कुंकू लावलं, नारळ हातात दिला. म्हटलं, पत्रिकेत छापलंय तुमचं नाव, स्टिकरखाली आहे. देवयानीने त्याला इंग्रजीत सांगितलं. तो दाढीवाला सहा फुटी माणूस रडायला लागला. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि कोण सगळ्यांत जोरात, तर ठरावाला हात वर करणारे ते बावीस.

देवयानीने व्हिडिओ टाकलाय. अकरा हजार लोकांनी पाहिलाय. सिडनीहून बायकांचे निरोप येतायत. प्रणव माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. तुझी ताई सुधारली रे, पंच्याहत्तरीत. आता तरी ये, रुसू नकोस.

मीनाताई

•

गुंगालिन
८ मार्च २०२३

मीनाताई,

व्हिडिओ पाहिला. म्हणजे शंतनूने पाहिला आणि मला सांगितला. माझ्या दोन्ही डोळ्यांना आता समोरचं, मधलं काही दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. चार वर्षं झाली. तुला कळवलं नाही, कारण तू लगेच प्रणवला सांगून मला तुमच्याकडे उचलून नेलं असतंस, आणि शंतनूला म्हणाली असतीस, बघा आता दुसरी खोली.

तेव्हा तुझी पत्रं चार वर्षं मी वाचत नाही. शंतनू मोठ्याने वाचतो. संध्याकाळी चहा झाला की पाकीट फोडतो आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचतो. ‘भाडेकरू’ आला की तो अडखळत नाही. आवाजही बदलत नाही. मी एकदा म्हटलं, तेवढं वगळत जा ना. तर म्हणाला, पत्र त्यांचं आहे, मी कोण वगळणारा. ‘चार दिवस घर सांभाळ’ हे त्याने वाचलं. ‘गप्प होती आणि सुखात होती’ हेही त्यानेच वाचलं. एकोणीस माणसं चिन्मयीच्या माहेरची, तेही वाचलं. मग कप विसळायला उठला. मी बोलतो ते तो टाइप करतो, त्यामुळे माझी उत्तरंही त्याच्या हातची आहेत. हा परिच्छेद टाइप करायला तो तयार नव्हता. मी हट्ट केला.

२०१८ साली आम्ही रीतसर लग्न केलं. साक्षीदार म्हणून शेजारची व्हिएतनामी बाई आणि तिचा जावई. तुला फोन लावला होता. तू म्हणालीस, पाहुणे आलेत, नंतर बोलू. नंतर मीच बोललो नाही. मीही भित्राच आहे, तेवढं कबूल करतो.

तू सुधारलीस असं लिहितेस. ताई, त्या माणसाचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. त्याला पैठणी घालायला तुला काय लागलं? एक साडी, जी नाहीतरी परत जात नव्हती. आणि प्रतापवरचा राग. समोर चारशे माणसं टाळ्या वाजवायला होती. परका होता, गाजलेला होता, पुन्हा तुझ्या दारात येणार नव्हता. तशा माणसाला मोठ्या मनाने वागवणं सगळ्यात सोपं. तुमच्या त्या बावीस जणांनाही लगेच जमलं.

शंतनूला कुणी गाणी म्हणायला सांगत नाही. तो इथल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाला. माझ्या डोळ्यांत दर महिन्याला सुई टोचतात तेव्हा माझा हात धरून बसतो. त्याला तू एकतीस वर्षांत एकदाही पत्राच्या शेवटी ‘शंतनूला नमस्कार’ लिहिलं नाहीस. पाच सेकंदांचं काम होतं.

पत्रिका परत पाठवतोय. मी येत नाही. औक्षणाला शुभेच्छा, खऱ्या मनाने.

पद्माकर

•

पॉइंट कुक
२० मार्च २०२३

शंतनू यांस,

पुढे काय लावायचं ते कळेना म्हणून नुसतंच नाव लिहिलं. श्री. लिहिलं असतं पण पुढे आडनाव लागतं, आणि ते मला माहीत नाही. प्रणवला विचारलं, त्यालाही माहीत नाही. आमच्या अख्ख्या घरात एकालाही माहीत नाही. घरात ज्यांना ज्यांना विचारलं त्यांची तोंडं बघून मला कळलं की आम्ही कसली माणसं आहोत.

माफी मागायची मला सवय नाही. नवऱ्याची मागितली नाही, मुलाची मागणार नाही. तुमची मागते. मला कळत नव्हतं म्हणून मी भाडेकरू लिहीत नव्हते. १९९४ साली पद्या पुण्याला आला होता तेव्हा तुमचं पत्र आलं, ते वाचताना त्याचा चेहरा मी पाहिला होता. त्या दिवसापासून मला माहीत आहे. भाडेकरू म्हटलं की कुणाला काही सांगावं लागत नाही, म्हणून तो शब्द. माझी सोय होती. त्या प्रतापला मी नावं ठेवली, पण स्टिकर लावायचं काम मी त्याच्या आधी अठ्ठावीस वर्षं करतेय.

आणि व्हिडिओबद्दल पद्या म्हणतो ते खरं आहे. टाळ्या मला आवडल्या. रात्री पुन्हा पुन्हा पाहिला मी तो. त्याचं पत्र आलं तेव्हाही तोच लावून बसले होते.

प्रणवशी बोलणं झालं. त्याला सांगितलं, पत्रिकेत दोन नावं येतील. तो म्हणाला, लोक विचारतील कोण म्हणून. मी म्हटलं, विचारू दे, मी आहे ना उत्तर द्यायला. चिन्मयी म्हणाली, तिला काहीच प्रॉब्लेम नाही. मग मी म्हटलं, तर मग तुझ्या माहेरचा एक कमी कर. आता तिला प्रॉब्लेम आहे. ते मी निस्तरते.

पण घरच्या माणसांना आमच्याकडे पोस्टाने बोलावत नाहीत. दारात जाऊन अक्षत द्यावी लागते. येत्या शनिवारी सकाळच्या बसने निघते, आठ तास लागतात असं देवयानी म्हणाली. ती सोबत येते म्हणत होती, मी नको म्हटलं, हे माझं मला करू दे. सिटीतून तुमच्याकडे ट्राम येते म्हणे, तेवढं मला जमेल. न्यायला येऊ नका. दार उघडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही उघडलंत तर अक्षता उंबऱ्यावर ठेवून परतीची बस धरेन, त्यात राग मानणार नाही. मानला तरी तुम्हाला कळवणार नाही.

आडनाव मात्र दारातल्या पाटीवर वाचून घेईन, दार उघडलं नाहीत तरी.

हे पत्र तुमच्या नावाचं आहे. पद्याला वाचून दाखवायचं की नाही, आणि दाखवलंत तर काय वगळायचं, ते तुमच्यावर आहे. त्याला नमस्कार सांगा.

मीनाक्षी